पिवळी, लाल, पांढरी

जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एखाद्या दुकानात ‘तीन पिनची वायर द्या’ म्हटलं, की दुकानदार पुढे काही विचारत नाही. पिवळीतून चित्र, पांढरीतून डावा आवाज, लालमधून उजवा. व्हीसीआर, व्हीसीडी प्लेयर, सेट टॉप बॉक्स, होम थिएटर, खान्देशातल्या घरांत जे जे येत गेलं ते बहुतेक याच वायरीने टीव्हीला जोडलं गेलं. तिचं कूळ शोधायला निघालं की गाठ पडते ती मात्र ग्रामोफोनशी.

१९२९ साली रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरसीए, या कंपनीने व्हिक्टर ही ग्रामोफोन कंपनी विकत घेतली. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला जो कुत्रा आपल्याकडे एचएमव्हीच्या तबकड्यांवर होता, तोच अमेरिकेत व्हिक्टरच्या तबकड्यांवर होता. रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच मालकाचे झाले आणि दोन्ही एकाच लाकडी कपाटात बसवलेले संच बाजारात आले. तबकडीवरच्या सुईतून निघणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. तो रेडिओच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत न्यायचा, वाटेत बाहेरची खरखर त्यात मिसळू द्यायची नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी दोन्ही भाग चटकन सुटे झाले पाहिजेत. या कामाला साधी, स्वस्त पिन आली. मध्ये एक खिळा, भोवती पत्र्याची कडी. खिळ्यातून आवाज, कडीतून अर्थिंग. ही पिन कपाटाच्या आत राहणार, गिऱ्हाइकाचा हात तिला लागणार नाही, म्हणून ती फार भक्कम करायचं कारणच नव्हतं.

१९४९ साली ती कपाटाबाहेर आली. आरसीएने मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी काढली. ती वाजवायला नवा प्लेयर हवा, आणि त्यासाठी घरातला चांगला रेडिओ कोण टाकून देणार? मग कंपनीने असाही एक प्लेयर विकला, ज्याला स्वतःचा स्पीकर नव्हता, अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. मागे फक्त एक वायर आणि टोकाला ही पिन. घरातल्या रेडिओला जोडा आणि ऐका. माझ्या मते होम थिएटरचा जन्म इथे झाला. पडदा, पाच स्पीकर हे सगळं पुढचं. आहे त्याला नवं जोडायचं, एकेक वस्तू ऐपतीप्रमाणे आणायची, ही मूळ कल्पना त्या वायरीत होती. कापसाच्या किंवा केळीच्या हंगामावर घरातली मोठी खरेदी ठरवणाऱ्या माणसांना ती पटली यात नवल काहीच नाही.

जन्मखूण म्हणून एक दोष मात्र तिने कायम वागवला. खिळा कडीच्या पुढे आलेला असतो, त्यामुळे पिन घालताना खिळा आधी टेकतो आणि अर्थिंग नंतर जुळतं. अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून पिन खोवली की जो ‘घर्र’ आवाज सगळं घर दचकवतो, तो त्या क्षणभराच्या अंतराचा. स्टुडिओवाल्यांनी म्हणून दुसऱ्या, महागड्या पिना वापरल्या. घरगुती माणसाने ही स्वस्त पिन पत्करली, आणि योग्यच केलं.

पिवळी पिन पुढे घरात व्हिडिओ आल्यावर लाल-पांढऱ्या जोडीला मिळाली. चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेतून जातात, ते टीव्हीने आत वेगळे करायचे. बारीक रेघांची किंवा चौकटीची साडी पडद्यावर आली की तिच्यावर नसलेले इंद्रधनुषी रंग सळसळताना दिसायचे, आठवतं? टीव्हीला त्या बारीक रेघाच रंग वाटायच्या.

आपल्याकडे मात्र टीव्ही उशिरा पोचला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तिथे मराठी बातम्या वाचणारी स्मिता पाटील शिरपूरच्या घराण्यातली, पण त्या बातम्या शिरपूरला दिसत नव्हत्या; प्रक्षेपण तेवढं पोचतच नव्हतं. रंगीत चित्र आलं १९८२ साली, आणि त्या दशकात छोट्या गावांतही टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर आला. रात्रभरासाठी मशीन, टीव्ही आणि दोन-तीन कॅसेटी. सुरुवातीला व्हीसीआर टीव्हीच्या अँटेनाच्याच भोकात जोडत आणि रिकामा चॅनल फिरवून फिरवून पकडत. टीव्हीला पिनांची भोकं आली तशी ही कटकट संपली.

या वायरीने आपल्या भागात केलेलं सगळ्यात मोठं काम मालेगावात झालं. जिल्हा नाशिक, पण धुळ्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटर, आणि आजूबाजूच्या खेड्यांत अहिराणीच. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. एडिटिंगची यंत्रसामग्री नव्हती, म्हणून दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले. एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा उतरवून घ्यायचा, थांबायचं, पुढचा तुकडा शोधायचा. कापणं-जोडणं सगळं या पद्धतीनं. पुढे फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने हे गाव जगाला दाखवलं. यंत्रमागांच्या गावात सिनेमा उभा राहायला दोन मशीन आणि मधली वायर पुरली, याचा मला फार अभिमान वाटतो.

वायर तुटली तर ती जोडणारी माणसंही इथलीच. वरचं रबर सोलायचं, आतली विणलेली तांब्याची जाळी बाजूला घेऊन पीळ द्यायचा, मधली तार खिळ्याच्या पोकळीत शिरवायची, जाळी कडीला डाग देऊन जोडायची. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला की आवाज बंद, आणि जाळी नीट बसली नाही की स्पीकरात हमिंग. चांगला मेकॅनिक डाग दिल्यावर वायर हलवून हलवून ऐकतो, तो यासाठी.

दोन पिनांत किती मावावं? १९८७ साली घरांसाठी आलेल्या डॉल्बी प्रो लॉजिकने लाल-पांढऱ्या दोनच पिनांतून चार वाटांचा आवाज नेला: डावा, उजवा, मधला आणि मागचा. डीव्हीडीबरोबर फाइव्ह पॉइंट वन आलं तेव्हा सहा पिना लागल्या आणि घरोघरी टीव्हीमागे वायरींचं जाळं झालं. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचं पहिलं रूप जाहीर झालं आणि ते जाळं एका वायरीत आटोपलं. तिच्यात १९ टोकं असतात. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. पण ती वायर प्रश्नही विचारते. समोरच्या यंत्राला दाखवायची परवानगी आहे का, हे आधी तपासलं जातं, आणि उत्तर जुळलं नाही तर पडदा काळा. जुनी पिन असं काही तपासत नव्हती. तिच्याशिवाय मालेगावचा सिनेमा अवघड होता.

आपल्याकडच्या शहरांत केबलसाठी सेट टॉप बॉक्स बसवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. त्या बॉक्सबरोबर ही तीन पिनची वायर आणखी कितीतरी घरांत पोचली, आणि आता नव्या टीव्हींवरून तिची भोकं हळूहळू नाहीशी होत आहेत.

म्हणून एक विनंती. माळ्यावर लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी असतील तर याच हिवाळ्यात खाली काढा. त्यांत हळदीला अहिराणी गाणी म्हणणाऱ्या आज्या आहेत, कानबाईची मिरवणूक आहे, ज्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही अशी माणसं आहेत. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली फिती खराब होतात. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. चालू व्हीसीआर मिळवा, नवी वायर घ्या, पिवळीला पिवळी, पांढरीला पांढरी जोडून व्हिडिओ कॅप्चरच्या उपकरणातून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मशीनला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी पुरते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ साली उत्पादन बंद केलं. आता जी मशीनं चालू आहेत तेवढीच आहेत.