एकमेकांसाठी थांबणारी पंगत

वाचन: प्रेषितांची कृत्ये २:४२-४७, करिंथकरांस पहिले पत्र ११:१७-३४



फेब्रुवारी उजाडला की बेळगावच्या बाजारात लाल फुगे आणि गुलाब दिसू लागतात. सांबऱ्यासारख्या गावातही आता १४ फेब्रुवारी कोणाला ठाऊक नाही असे राहिलेले नाही. आपल्या मंडळ्यांत या दिवसाविषयी दोन मते ऐकू येतात. वडीलधारे म्हणतात, हे परदेशी खूळ आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? तरुण म्हणतात, संताच्या नावाचा दिवस, मग ख्रिस्ती माणसानेच का टाळावा? या दोहोंमधून काही कुटुंबांनी एक साधी वाट काढली आहे. हॉटेलात न जाता त्या संध्याकाळी घरीच स्वयंपाक करायचा आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचे.

ही वाट नवी वाटते, पण ती फार जुनी आहे. मंडळीच्या इतिहासात तिला प्रीतिभोजन म्हणतात. आपल्या मराठी ख्रिस्ती पूर्वजांनी तर कुटुंबासोबत एका पंगतीत बसण्यासाठी मोठे मोल दिले आहे.

हा व्हॅलेंटाइन कोण?

संत व्हॅलेंटाइनबद्दल खात्रीने सांगता येईल असे फार थोडे आहे. तिसऱ्या शतकात रोममध्ये ख्रिस्तासाठी प्राण देणारा एक पाळक आणि तेर्नी गावचा एक बिशप, अशा दोन हुतात्म्यांच्या आठवणी या नावाशी जोडलेल्या आहेत. रोमबाहेर फ्लामिनिया रस्त्यालगत व्हॅलेंटाइनची कबर होती आणि १४ फेब्रुवारीला त्याचे स्मरण होत असे. गुपचूप लग्ने लावून दिल्याच्या आणि तुरुंगातून चिठ्ठी पाठवल्याच्या गोष्टी मागाहून जोडल्या गेल्या. या दिवसाचा प्रेमिकांशी संबंध चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या काळापासून दिसतो, म्हणजे हुतात्म्याच्या मृत्यूनंतर हजार वर्षांनी. १९६९ मध्ये रोमन कॅथलिक मंडळीने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून व्हॅलेंटाइनचा सण वगळला. हुतात्म्यांच्या यादीत त्याचे नाव मात्र आजही आहे. त्या तारखेला आता संत सिरिल आणि संत मेथोडियस यांचे स्मरण केले जाते. स्लाव लोकांना देवाचे वचन त्यांच्याच भाषेत मिळावे म्हणून झटलेले हे दोघे सख्खे भाऊ.

म्हणजे बाजारात दिसतो तो व्हॅलेंटाइन बराचसा दंतकथेतला आहे. पण त्यामागचा हुतात्मा खरा आहे, आणि त्याच्या काळातले ख्रिस्ती लोक प्रीती कशी साजरी करत याची लेखी साक्षही आपल्याजवळ आहे.

घरातली मंडळी आणि तिचे जेवण

पहिल्या ख्रिस्ती लोकांना देवळे नव्हती. यरुशलेमात ते घरोघरी भाकर मोडत आणि आनंदाने, साध्या मनाने जेवत, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. पौल रोमकरांना पत्र लिहितो तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याला आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. नवरा-बायको तंबू करण्याचा धंदा करत आणि त्यांच्याच घरात मंडळी भरत असे. प्रीतीचा दिवस साजरा करणाऱ्यांनी खरे तर या दांपत्याची आठवण काढायला हवी.

सुमारे इसवी सन ११२ मध्ये बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला एक पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक काय करतात याची त्याने चौकशी केली होती. सेविका म्हटल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करूनही पाहिला होता. हाती एवढेच लागले, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला स्तोत्र गातात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे, निरुपद्रवी अन्न खातात. ज्या जेवणाला साम्राज्य घाबरले, ते रोजच्यासारखेच जेवण होते.

पुढे शतकाच्या अखेरीस कार्थेजच्या तर्तुलियनने या भोजनाचे वर्णन केले. आधी प्रार्थना. मग भूक भागेल इतकेच खाणे. गरिबांना त्यात पोटभर वाटा. हात धुऊन झाले, दिवे लागले की ज्याला जमेल तसे त्याने देवाला गाणे म्हणायचे, पवित्र शास्त्रातले किंवा स्वतःचे. शेवटी पुन्हा प्रार्थना. आपल्या घरची संध्याकाळची प्रार्थना आणि जेवण यांहून हे किती वेगळे आहे?

पण हे भोजन बिघडूही शकत असे. करिंथमध्ये ते बिघडले. सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घेत. दिवसभर राबून उशिरा येणारे दास आणि मजूर उपाशी राहत. पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले आणि शेवटी उपाय सांगितला तो अगदी घरगुती: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या परिषदेने देवळात प्रीतिभोजने करण्यास मनाई केली. प्रभुभोजन वेदीजवळ राहिले. पोटभर जेवण पुन्हा जिथे सुरू झाले होते तिथे, म्हणजे घरी गेले.

बेळगाव आणि तुटलेली पंगत

आता आपल्या भागाकडे येऊ. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले आणि येथे मिशनचे काम सुरू झाले. याच बेळगावात १८३१ मध्ये बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. मिशनच्या शाळेत ते शिकले, पुढे मुंबईला गेले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये निघाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. विधवांच्या दुःखाची ती कहाणी आहे आणि तिच्या केंद्रस्थानी एकमेकांशी मनमोकळे बोलणारे एक जोडपे आहे. नवरा-बायकोने बरोबरीने प्रवास करावा, चर्चा करावी, प्रार्थना करावी, हे चित्र त्या काळच्या वाचकाला नवे होते.

पण प्रत्यक्ष आयुष्यात बाप्तिस्म्याने आधी काही तुटत असेल तर ती पंगत. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार दोन्ही बंद. ज्या घरात जन्म झाला त्या घरच्या पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. आईची माया आटलेली नसे, पण मुलाला वाढायचे तर ओसरीवर, वेगळ्या पात्रात. आत बसवून घेतले तर सारे घर वाळीत पडण्याची भीती.

नवरा-बायकोंची ताटातूट तर इतकी होई की त्यासाठी कायदा करावा लागला. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सोडून दिले असेल तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयात दाद मागता येऊ लागली. पण न्यायालय लगेच लग्न मोडत नसे. दुसऱ्या जोडीदाराचे म्हणणे समक्ष ऐकून घ्यायचे आणि मग एक वर्ष थांबायचे, अशी तरतूद होती. मन बदलेल, दार उघडेल, यासाठी दिलेले ते वर्ष होते.

ही अडचण आपल्या देशापुरती नव्हती. अंत्युखियात खुद्द पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, आणि यरुशलेमाहून काही माणसे आल्यावर भीतीने पंगतीतून बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांसमोर दोष दिला, हे गलतीकरांस पत्रात आहे. कोण कोणाबरोबर जेवतो, हा सुवार्तेचाच प्रश्न आहे असे पौलाने मानले.

टिळकांचे घर

या तुटलेल्या पंगतीची आणि ती पुन्हा जुळल्याची सर्वांत मोठी साक्ष मराठी माणसाला ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पत्नी लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात. कायद्याने टिळकांना मोकळे होण्याचा रस्ता होता. त्यांनी तो धरला नाही, दुसरा संसार मांडला नाही. पत्रे लिहीत राहिले, भेटायला जात राहिले, थांबले.

थांबणे एकट्या टिळकांचे नव्हते. लक्ष्मीबाईही वेगळ्या रीतीने थांबल्या होत्या. नवऱ्याचा धर्म त्यांना पटत नव्हता, आणि नवरा तर हवा होता. पुढे त्या नगरला परत आल्या तेव्हाही सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. एका घरात दोन चुली हे दुःख त्यांनी सोसले, पण तिच्या मनावर पाय देऊन एक चूल केली नाही. शेवटी जातिभेद खोटा आहे हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने उमगले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारे त्यांनी रडवत आणि हसवत सांगितले आहे.

मग त्या घराचे काय झाले? तिथे पंगत कधी लहान राहिली नाही. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे यांची सतत ये-जा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, तरी आलेल्याला पान वाढले जाई. ९ मे १९१९ रोजी टिळक देवाघरी गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले. गुलाबाच्या फुलापेक्षा मोठी अशी ही प्रीतीची भेट आहे.

टिळकांची वाट प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. कित्येकांची पंगत शेवटपर्यंत जुळली नाही. त्या काळच्या किती आया मुलाशिवाय जेवल्या असतील, ते देवालाच ठाऊक. आज आपण आई-वडील, बायको, मुले एका ठिकाणी बसून उपकारस्तुती करतो. त्या एका घासामागे हे सारे आहे.

आपल्या घरी

म्हणून १४ फेब्रुवारीला घरी जेवण करणार असाल तर पौलाचा तोच शब्द धरून करू या: एकमेकांसाठी थांबा.

पहिले थांबणे घरातल्या गृहिणीसाठी. आपल्याकडे सगळ्यांचे होईपर्यंत ती वाढत राहते आणि उरलेसुरले घेऊन शेवटी बसते. प्रीतीच्या दिवशी तिच्यावरच चार पदार्थांचा जास्तीचा बोजा टाकून ती चुलीशी आणि आपण पाटावर, असे झाले तर ते करिंथचे जेवण झाले. नवऱ्याने आणि मुलांनी भाकरी थापायला शिकावे. नाही जमली तर भात लावावा, भांडी घासावीत. सर्व पदार्थ मध्ये ठेवावेत, आणि ती बसल्याखेरीज कोणी प्रार्थना सुरू करू नये.

दुसरे थांबणे ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठी. हा दिवस जोडप्यांचाच, असे बाजार सांगतो. प्रीतिभोजनात मात्र गरिबांनाही पोटभर वाटा असे. शेजारची एकटी मावशी, कामासाठी परगावाहून आलेला मुलगा, यांना बोलवा. आपल्या सांबऱ्यात हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, विमानतळ आहे. दूरदूरच्या प्रांतांतली माणसे नोकरीसाठी येऊन राहतात. आईच्या हातच्या जेवणाची आठवण त्यांच्याइतकी कोणाला येणार?

तिसरे थांबणे सर्वांत अवघड आहे. जमिनीच्या वाटणीवरून, लग्नावरून, कधी धर्मावरून न बोलणारा भाऊ किंवा मुलगी जवळजवळ प्रत्येक खानदानात आहे. त्याला निरोप धाडा. नाही आला तरी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. न्यायालयाने एक वर्ष दिले होते, टिळकांनी त्याहून अधिक दिले. आपण किती देतो?

पदार्थांची काळजी करू नये. जिथे प्रीती आहे तिथली पालेभाजी द्वेषाच्या घरच्या पुष्ट बैलापेक्षा बरी, असा नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायाचा भाव आहे. ज्वारीची भाकरी, मसुराची आमटी, वांग्याची भाजी, जमल्यास कोंबडीचा रस्सा आणि गोडाला बेळगावचा कुंदा एवढे पुष्कळ झाले. काही वर्षी राखेचा बुधवार नेमका याच तारखेला येतो, जसा २०१८ आणि २०२४ मध्ये आला. तेव्हा मेजवानी आदल्या दिवशी करावी आणि त्या दिवशी साधे जेवून वाचलेले पैसे एखाद्या भुकेल्या घरी पोचवावेत. हुतात्म्याच्या स्मरणाला तेही शोभेल.

आणि जेवणाआधी मुलांना पाच मिनिटे ही गोष्ट सांगा: प्लिनीच्या पत्रातल्या त्या दोन दासींची, ओसरीवर जेवलेल्या मुलांची, दोन चुलींच्या त्या घराची.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंगतीला बसलास, आणि आजही आमच्या दाराशी उभा राहून ठोकतोस. आमच्या घरातील अन्नावर आणि अन्न शिजवणाऱ्या हातांवर आशीर्वाद दे. जे आमच्याबरोबर बसू शकत नाहीत त्यांच्यासाठी थांबण्याची सहनशीलता आम्हांला दे. आमेन.