शंकरपटाची जोडी

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर पाव मैलाची, काही सेकंदांत संपणारी मोटारींची शर्यत. आमच्या परभणीकडचा शंकरपट त्याच जातीचा! फक्त इंजिनाच्या जागी बैल.

खरी मेहनत पटाच्या आधीची. सरकी पेंड, हरभरा असा खुराक, अंगाला मालिश, रोजची फेरी. पण नुसता तगडा बैल कामाचा नाही, दोघांची चाल एक हवी. एक पुढे ओढू लागला अन् दुसरा मागे राहिला की छकडा तिरका जातो. ही जोड जमवायला महिनेच्या महिने लागतात.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. कारण खोटं नव्हतं... शेपट्या पिरगाळणं, पराणी टोचणं मीही पाहिलंय. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, पण परवानगी मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. (मे २०२३ मध्ये घटनापीठानेही हा कायदा मान्य केला.)

मोटार गॅरेजात झाकून ठेवता येते हो! २०१४ चा चार दाती खोंड २०२१ ला दहा वर्षांचा झालेला. ज्यांनी पुन्हा पट धरला, त्यांना नवे खोंड घेऊन पहिल्यापासून जोड जमवावी लागली; आणि तीही काठी-चाबकाशिवाय.