शहाडचा धागा आणि रक्ताची साक्ष

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की पहिलं स्टेशन शहाड, दुसरं आंबिवली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, आंबिवलीजवळ मोहोन्याला एनआरसी होती. समोरच्या काहींच्या घरची चूल या कारखान्यांवर पेटली असेल. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज. कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून त्याचा दाट द्राव करतात, तो व्हिस्कोज. बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की धागा, अरुंद फटीतून सोडला की सेलोफेन. म्हणजे साडीचा धागा आणि हा पारदर्शक पापुद्रा सख्खी भावंडं.

१९४३ साली नेदरलँड्समधल्या कांपेन गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजची सेलोफेन नळी फिरत्या पिंपावर गुंडाळली आणि मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रक्त तिच्यातून फिरवलं. कृत्रिम मूत्रपिंड जन्मलं. सेल्युलोज अंगाला चालतं, तर रक्तालाही चालेल, असं वाटणं साहजिकच होतं.

पण मोजल्यावर वेगळंच दिसलं. डायलिसिस सुरू होताच काही मिनिटांत पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, हे १९६८ साली नोंदलं गेलं. का? १९७७ साली मिनेसोटाच्या संशोधकांनी युक्ती केली: सेलोफेनला नुसता स्पर्श झालेला रक्तद्रव प्राण्यांना टोचला. पापुद्रा शरीराबाहेरच, तरी पेशी घटल्या! म्हणजे स्पर्शाने रक्तद्रवातच काहीतरी जागं होत होतं. ती होती ‘कॉम्प्लिमेंट’ ही संरक्षक प्रथिनांची साखळी. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. साखळीतलं सी-३ हे प्रथिन अशा गटांशी रासायनिक बंध जोडतं. पेशी मरत नव्हत्या. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून बसत होत्या आणि नंतर परतत होत्या.

मग उपाय सुचला: काही हायड्रॉक्सिल झाका. सेल्युलोज अ‍ॅसिटेटमध्ये तेच होतं, आणि प्रतिक्रिया सौम्य होते. पुढे पॉलिसल्फोनसारखे कृत्रिम पॉलिमर आले. आज ठाण्या-डोंबिवलीत डायलिसिसला बसणाऱ्यांचं रक्त बहुधा अशाच गाळणीतून जातं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले, आमचा प्रश्न जुनाच: गुण वस्तूत असतो की नात्यात? ‘निष्क्रिय’ हा शब्द अर्धाच आहे. कुणापुढे निष्क्रिय, हे विचारल्याशिवाय मोजमाप सुरूच होत नाही. त्वचेने निर्दोष ठरवलेल्या धाग्याविरुद्ध रक्ताने साक्ष दिली. त्या पापुद्र्याने माणसं वाचवली, हेही तितकंच खरं. पण रक्ताची साक्ष नीट ऐकायला आपल्याला तीस-पस्तीस वर्षं लागली.