बोस्टन २०१८ : हातात चार मॅच पॉइंट

२८ जानेवारी २०१८. बोस्टन विद्यापीठाच्या अगॅनिस अरीनात काउंटर-स्ट्राइक या व्हिडिओ गेमच्या मेजर या सर्वांत मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत. एका बाजूला युरोपभरातून वेचलेल्या पाच जणांचा फेझ संघ, समोर अमेरिकेचा क्लाउड नाइन. अमेरिकेच्या संघाने तोवर एकही मेजर जिंकलेली नव्हती.

पहिला मॅप, मिराज. फेझने १६-१४ असा जिंकला.

दुसरा मॅप, ओव्हरपास. क्लाउड नाइन, १६-१०. बरोबरी.

तिसरा मॅप, इन्फर्नो. १५-११. फेझला आता एकच राउंड हवा आणि त्यासाठी चार संधी. सगळं मिळून दहा-बारा मिनिटांचा खेळ.

इथे थांबून पाहायला हवं. फेझचा नेता कॅरिगन, वय २७. प्रशिक्षक पाठीशी उभा होता, पण मेजरच्या तेव्हाच्या नियमांनुसार टाइमआउट आणि मध्यंतर सोडून त्याला बोलता येत नव्हतं. म्हणजे राउंड सुरू होण्याआधीच्या काही सेकंदांत एका माणसाने पाच जणांसाठी ठरवायचं. त्यात खेळातल्या पैशाचं गणित. राउंड हरलेल्या संघाला तेव्हा भरपाई मिळे १४०० डॉलर, सलग पराभवांत ती एका मर्यादेपर्यंत ५००-५०० ने वाढे. एके-४७ रायफल घ्यायची तर २७००, चिलखत-हेल्मेटचे १००० वेगळे. खिशात अर्धेच पैसे असतील तर दोन वाटा: आहे त्यात लढायचं, किंवा हा राउंड सोडून पुढच्यासाठी साठवायचं. एरवी साठवणं शहाणपणाचं. पण मॅच पॉइंट असताना साठवणं म्हणजे चारांतली एक संधी आपल्या हाताने टाकून देणं.

१५-१२, १५-१३. दडपणाचा पहिला घाला नेमबाजीवर होतो असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. फेझच्या निको, गार्डियन, ओलोफमायस्टर यांचे हात वर्षानुवर्षं घडलेले. ते असे दहा मिनिटांत बिघडत नाहीत. आधी बिघडतं ते बोलणं. ‘बनानात (इन्फर्नोवरची एक वाट) दोघे, एक जखमी’ इतकं नेमकं आणि तेवढंच सांगायचं असतं. एक शब्द जास्त झाला की पावलांचा आवाज हुकतो. एक कमी पडला की नेता अंदाजावर निर्णय घेतो. राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा, बॉम्ब लावल्यावर तो फुटायला ४० सेकंद. चुकलेला अंदाज दुरुस्त करायला तेवढ्यात फुरसत कुठली?

१५-१४. शेवटची संधी.

१५-१५. चारही गेल्या. घरच्या प्रेक्षकांचा जल्लोष आता क्लाउड नाइनच्या पाठीशी.

पहिला जादा डाव, १८-१८. सहा राउंड, बाजू बदलून तीन-तीन. जादा डावात सर्वांना भरपूर आणि सारखे पैसे मिळतात, तेव्हा गरिबीची सबब उरत नाही. फेझ इथे कोसळला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. चार संधी गमावल्यावर मनात काय चाललं असेल! तरी ते बरोबरीत राहिले.

दुसरा जादा डाव, क्लाउड नाइन, २२-१९. एकेचाळीस राउंडनंतर इन्फर्नो संपला. क्लाउड नाइनला पाच लाख डॉलर, फेझला दीड लाख. क्लाउड नाइनचा टारिक सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच वर्षअखेर फेझने कॅरिगनला संघाबाहेर बसवलं.