होम थिएटर संगणकावर चित्र का अडखळते?
वेगवान योजना घेण्यापूर्वी घरातील दोष शोधणे आवश्यक

दिवाणखान्यातील मोठ्या दूरचित्रवाणी संचाला संगणक जोडून त्यावर चित्रपट, मालिका आणि क्रिकेटचे सामने पाहणाऱ्या कुटुंबांना एक तक्रार हमखास परिचयाची असते. रंगात आलेला प्रसंग मध्येच थांबतो, पडद्यावर गोल चक्र फिरू लागते किंवा चित्र धक्के खात पुढे सरकते. अशा वेळी अनेक ग्राहक इंटरनेट कंपनीला दूरध्वनी करून अधिक वेगाची, अधिक महाग योजना घेतात. मासिक बिल वाढते. चित्र मात्र पूर्वीसारखेच अडखळत राहते. याचे कारण असे, की दोष पुष्कळदा घराबाहेरच्या तारेत नसून घरातील राउटरमध्ये, केबलमध्ये किंवा खुद्द संगणकात असतो. तो नेमका कोठे आहे हे ठरवण्याची पद्धत सोपी असून तिला फारसा खर्चही येत नाही.

आधी लक्षण ओळखावे

सर्व्हरवर एकच चित्रपट वेगवेगळ्या दर्जांत साठवलेला असतो आणि प्रत्येक दर्जाचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात. संगणक हे तुकडे एकामागून एक मागवतो आणि पुढील काही सेकंदांचा साठा जवळ राखून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. इंटरनेटचा वेग घटला की संगणक आपोआप कमी दर्जाचे तुकडे मागवू लागतो. तेही वेळेत आले नाहीत आणि साठा संपला, की चित्र थांबते.

यावरून लक्षणांचा अर्थ लावता येतो. चित्र थांबून चक्र फिरत असेल, तर माहिती वेळेवर पोहोचत नाही. चित्र न थांबता धूसर होत असेल, तरी बहुधा कारण तेच असते. मात्र आवाज अखंड ऐकू येत असून चित्र तेवढे धक्के खात असेल, तर माहिती पोहोचली आहे, पण संगणकाला ती पुरेशा वेगाने उलगडता येत नाही, असे समजावे. या दुसऱ्या दोषावर वेगवान योजनेचा काहीही उपयोग होत नाही.

याची खात्री करण्याची सोय यूट्यूबवर उपलब्ध आहे. चालू चित्रफितीवर माउसचे उजवे बटण दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा पर्याय निवडल्यास एक छोटी चौकट उघडते. तीतील ‘बफर हेल्थ’चा आकडा वारंवार शून्याजवळ येत असेल, तर दोष जोडणीत आहे. ‘फ्रेम्स’च्या ओळीतील गळलेल्या चौकटींचा आकडा सतत वाढत असेल, तर दोष संगणकात आहे. ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्स पाहताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि डी ही चार बटणे एकत्र दाबल्यास अशीच माहिती मिळते.

वेगाचा हिशेब

नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२० पी दर्जासाठी सेकंदाला ३ मेगाबिट, १०८० पी अर्थात फुल एचडीसाठी ५ मेगाबिट आणि ४ के दर्जासाठी १५ मेगाबिट वेग पुरेसा ठरतो. म्हणजेच १०० मेगाबिटच्या योजनेवर ४ के चित्रपट थांबत असेल, तर २०० मेगाबिटची योजना घेण्याआधी थोडा विचार केलेला बरा. येथे मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत टाळावी. ८ बिट मिळून १ बाइट होतो; त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला अधिकाधिक साडेबारा मेगाबाइट माहिती उतरते.

‘ब्रॉडबँड’ या शब्दावर विसंबणेही योग्य नाही. भारतात २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाची जोडणी ब्रॉडबँड ठरत असे. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. ही किमान मर्यादाही एचडी चित्रासाठी अपुरीच आहे. शिवाय काही योजनांमध्ये ठरावीक माहिती वापरून झाल्यावर वेग उतरवला जातो. महिनाअखेरीसच चित्र अडखळत असेल, तर ही अट प्रथम तपासावी.

वेगाची चाचणी दोन ठिकाणी करावी. पहिली, लॅपटॉप राउटरला केबलने थेट जोडून. दुसरी, होम थिएटर संगणकावर, तो नेहमी जसा जोडलेला असतो तसाच ठेवून. पहिल्या चाचणीत योजनेइतका वेग मिळाला आणि दुसऱ्या चाचणीत त्याचा लहानसा अंशच मिळाला, तर दोष घरात आहे. पहिल्या चाचणीतही वेग कमी भरला, तर कंपनीला जाब विचारता येतो. या चाचण्या दुपारी आणि रात्री ९ च्या सुमारास, अशा दोन्ही वेळी कराव्यात. एका परिसरातील ग्राहकांत जोडणीची क्षमता वाटली जात असल्याने गर्दीच्या वेळी वेग घटू शकतो.

नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेली फास्ट डॉट कॉम ही चाचणी त्या कंपनीच्याच सर्व्हरपर्यंतचा वेग मोजते. इतर चाचण्यांत वेग चांगला आणि येथे कमी दिसल्यास अडचण त्या सेवेपर्यंतच्या मार्गात आहे, असा निष्कर्ष काढता येतो. संगणकावर व्हीपीएन सुरू असल्यास माहिती दूरच्या देशातून फिरून येते. ते बंद करून चाचणी पुन्हा करावी.

वाय-फायचे अडथळे

राउटर प्रवेशद्वाराजवळ, दूरचित्रवाणी संच दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला आणि मधे काँक्रीटची भिंत, अशी मांडणी अनेक सदनिकांत आढळते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल परस्परांवर न चढता वापरता येतात. इमारतीतील सर्व राउटर याच जागेसाठी भांडत असतात. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ उपकरणेही याच पट्ट्यात येतात. ५ गिगाहर्ट्झ पट्टा अधिक मोकळा आणि वेगवान आहे. मात्र भिंत ओलांडताना त्याची शक्ती लवकर क्षीण होते. राउटर त्याच खोलीत असल्यास ५ गिगाहर्ट्झचाच वापर करावा.

होम थिएटर संगणकाच्या बाबतीत आणखी एक कारण सहसा ध्यानात येत नाही. यूएसबी ३.० जोडणीवर चालणारी हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गोंगाट निर्माण करते. तिच्या शेजारीच वाय-फायचा छोटा यूएसबी अडॅप्टर खोचलेला असेल, तर वेग लक्षणीय घसरू शकतो. अडॅप्टर छोट्या यूएसबी वायरने दूर नेल्यास हा दोष दूर होतो. सिग्नल वाढवण्यासाठी मधे रिपीटर बसवताना तो एकाच पट्ट्यावर काम करणारा असल्यास उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो, हेही विसरू नये.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाकणे. परंतु तीही तपासून घ्यावी. सेकंदाला १०० मेगाबिट वेगासाठी केबलमधील आठपैकी चारच तारा लागतात, तर १ गिगाबिटसाठी आठही तारा शाबूत असाव्या लागतात. एखादी तार तुटल्यास जोडणी बंद न पडता मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरते. विंडोजमध्ये नेटवर्कच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ पाहिल्यास हे कळते. इंटरनेटवरील चित्रपटांना तेवढा वेग पुरतो. पण ४ के ब्लू-रे दर्जाची माहिती सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकते. अशा फायली घरातील दुसऱ्या संगणकावरून पाहणाऱ्यांना ही केबल अपुरी पडते.

संगणकाचे वय

होम थिएटरसाठी बहुधा घरातील जुनाच संगणक कामी लावला जातो. चित्रफितीचा आकार लहान करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात आणि हे कोडेक काळानुसार बदलत गेले आहेत. एच.२६४ हे मानक २००३ चे, एचईव्हीसी आणि व्हीपी९ ही २०१३ ची, तर एव्ही१ हे २०१८ चे. ग्राफिक्स चिपमध्ये संबंधित कोडेक उलगडण्याची अंगभूत सोय असेल, तर काम सहज होते. नसेल, तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि चित्र धक्के खाऊ लागते.

इंटेलच्या सातव्या पिढीपासून, म्हणजे साधारण २०१६-१७ पासून, व्हीपी९ आणि १० बिट एचईव्हीसीची सोय मिळू लागली. एव्ही१ ची सोय २०२० मधील अकराव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरपासून आली. यूट्यूबवरील ४ के चित्रफिती व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये असतात. त्यामुळे जुन्या संगणकावर १०८० पी दर्जा निवडणे हा बिनखर्चाचा उपाय ठरतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ग्राफिक्स अॅक्सिलरेशनचा पर्याय सुरू आहे ना, हेही पाहावे. चित्रफीत चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखालील ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख हलत असेल, तर चिप आपले काम करीत आहे.

शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवलेला संगणक तापतो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. सुरुवातीचा अर्धा तास सुरळीत आणि नंतर अडखळणे, हे त्याचे ठळक लक्षण. पंख्यातील धूळ काढून मागील बाजूस हवा खेळती ठेवल्यास पुष्कळदा फरक पडतो.

कधीकधी दोष केवळ दृश्य असतो. एचडीएमआय १.४ जोडणीवर ४ के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजे होते. ६० साठी किमान एचडीएमआय २.० लागते. चित्रपट मात्र सेकंदाला २४ चौकटींचे असतात. त्या ६० च्या गणितात नीट बसत नसल्याने कॅमेरा सावकाश वळताना बारीक हिसके दिसतात. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये संचाला २४ हर्ट्झवर आणल्यास ते नाहीसे होतात.

तक्रार करायची झाल्यास

राउटरला थेट केबल जोडूनही वेग कमी भरत असेल, तर चाचण्यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह जपून ठेवावीत. कंपनीकडे तक्रार नोंदवताना तिचा क्रमांक अवश्य घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागण्याची तरतूद दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांत आहे. केबलने थेट घेतलेल्या चाचणीचा पुरावा हाती असल्यास दोष ग्राहकाच्या वाय-फायवर ढकलणे कंपनीला अवघड जाते.