चार हमरस्त्यांवरील स्तूप : यांगून आणि कऱ्हाड

महापरिनिब्बानसुत्तात आनंदांच्या पृच्छेस उत्तर देताना तथागतांनी आपल्या स्तूपाचे स्थान सांगितले आहे. ते म्हणजे चातुम्महापथ, चार हमरस्ते जेथे मिळतात तो चौक. अरण्य नव्हे आणि गिरिशिखरही नव्हे. या शब्दाचा पुरता अर्थ यांगूनच्या (पूर्वीच्या रंगूनच्या) सुले स्तूपापाशी उलगडतो, असे आम्हांस वाटते.

1852 नंतर इंग्रजांनी या नगराची नवी आखणी केली, ती हाच स्तूप मध्यभागी धरून. आजही मोटारी त्याला वळसा घालून जातात. पायथ्याशी दुकाने आणि हात पाहणारे ज्योतिषी बसतात. जवळच्या गल्ल्यांत बुटक्या स्टुलांवर चहा पिणाऱ्यांची गर्दी असते. गालांना थनाकाचा लेप लावलेल्या स्त्रिया फुले घेऊन येतात आणि आपल्या जन्मवाराच्या कोपऱ्यातील मूर्तीवर पाणी घालतात. बुधवारचे दोन भाग मानून आठ वार, आठ कोन! तिपिटकात या वारपूजेस आधार नाही. तथापि केवळ तेवढ्यावरून तिची हेटाळणी करणे आम्हांस रुचत नाही. पहाटे याच नगरात भिक्खू अनवाणी पिंडपाताला निघतात. 1988 आणि 2007 मध्ये लोक राज्यकर्त्यांविरुद्ध जमले, तेही याच चौकात.

आपल्याकडे असा बाजार आणि असा धम्म एकत्र नांदला होता काय? कऱ्हाड म्हणजेच प्राचीन करहकट, असे अभ्यासक मानतात. भारहुतच्या स्तूपावरील एका लेखात करहकट 'निगमा'चे, म्हणजे अवघ्या व्यापारी नगराचे, दान नोंदले आहे. कुडा येथील लेण्यांत तेथील एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. नैऋत्येस आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. म्हणजे धम्म येथेही पेठेच्या आधारानेच उभा होता.

पुढे याच मुलखात रस्ताच माणसांना वर्ज्य झाला. 1901 मध्ये मसूर स्थानकावरून गोरेगावकडे निघालेल्या बाल भीमरावांना, जात कळताच, गाडीवानाने गाडीत घेण्याचे नाकारले. वाटेत पाणीही मिळाले नाही. तेच बाबासाहेब डिसेंबर 1954 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले आणि परतल्यावर, 25 डिसेंबरला, त्यांनी देहूरोड येथे रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली.

आज सातारा-सांगलीकडील उपासक धम्मयात्रेस बँकॉक, यांगूनपर्यंत जातात आणि स्तूपांची छायाचित्रे घेऊन येतात. त्यांच्या स्वतःच्या गावांतील विहार मात्र बहुधा जुन्या वस्तीतच, गावाच्या कडेला आहेत. चौकाच्या जागेचा प्रश्न निघाला की सभा लांबतात! सातारा-सांगली वाहतुकीचा महामार्ग आगाशिवच्या जवळूनच जातो. लेण्यांकडे वळणारी वाहने थोडी.