एकामागून एक : तारेवरील अक्षरांचा प्रवास

मुंबई-आग्रा मार्गावर धुळ्याच्या उत्तरेस लागणारें सोनगीर हें किल्ल्याचें आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचें गांव. ‘सोनगीर’ हीं चार अक्षरें एका तारेवरून दूर धाडावयाचीं झाल्यास तीं एकदम जात नाहींत. त्यांचे तुकडे होतात व ते एकामागून एक जातात. पलीकडच्या टोकास ते पुन्हां जुळावे लागतात. जुळणी कशी करावयाची, याचा करार दोन्ही टोकांस ठाऊक नसेल तर निरोप पोहोंचूनही न पोहोंचल्यासारखाच.

हिंदुस्थानांत हा अनुभव प्रथम तारखात्यास आला. १८५५ च्या फेब्रुवारींत सरकारी तार लोकांस खुली झाली, तेव्हां कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें एका सूत्रांत ओंवलीं गेलीं होतीं. या कामाचा प्रमुख विल्यम ओ’शॉनेसी हा पेशानें वैद्य. त्यानें आरंभीं स्वतः बनविलेलीं सुईचीं यंत्रें व स्वतःचीच संकेतावली चालविली. पुढें मोर्सची पद्धत स्वीकारण्यांत आली. अशा वेळीं एकाच ठाण्याचें यंत्र बदलून भागत नाहीं. एकानें नव्या पद्धतीनें धाडावें व दुसऱ्यानें जुन्या पद्धतीनें वाचावें, हा बहिऱ्या-मुक्याचा संवाद होय.

फ्रान्सच्या तारखात्यांतील एमिल बोदो यानें १८७४ सालीं प्रत्येक अक्षरास सारख्या लांबीचे पांच संकेत देण्याची युक्ति काढली. वेग मोजण्याचें ‘बॉड’ हें परिमाण त्याच्याच नांवावरून आलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं टेलिप्रिंटरांत प्रत्येक अक्षरापूर्वीं ‘आरंभा’चा व अखेरीस ‘विरामा’चा संकेत येऊं लागला. पुढें १९६० सालीं अमेरिकेंत आर-एस-२३२ हें प्रमाण ठरलें, आणि हीच व्यवस्था संगणकाच्या पदरीं पडली.

अ‍ॅपल-दोन हा घरगुती संगणक १९७७ चा. एकेक संकेत धाडण्याची सोय त्यांत मुळांत नव्हती. त्यासाठीं आंतील खांचेंत एक कार्ड बसवावें लागे. १९८१ सालच्या ‘सुपर सिरियल कार्डा’वर चिमुकल्या कळांच्या सात-सातांच्या दोन ओळी होत्या. पहिल्या ओळींतील चार कळा वेग ठरवीत. शिवाय एक लहानसा ठोकळा उलट-सुलट बसवितां येई. त्याचा बाण ‘टर्मिनल’कडे कीं ‘मोडेम’कडे, यावर बोलण्याची तार कोणती व ऐकण्याची कोणती हें ठरे. तो उलटा बसला कीं दोन्ही यंत्रें बोलत, ऐकत मात्र कोणीच नसे. त्या काळीं कित्येकांची एखादी संध्याकाळ या ठोकळ्यापायीं गेली असेल! वेग चुकल्यास निदान कचरा तरी उमटतो, आणि चूक कोठें आहे हें कळतें.

खरी फसवणूक होते ती दुसऱ्या ओळींतील एका कळेनें. दुसऱ्या संगणकाशीं संभाषण करतांना अक्षराचे बिट सात कीं आठ, हें ती सांगते. अमेरिकन संकेतावलींत १२८ चिन्हें. त्यांस सात बिट पुरतात. आठव्या जागीं सम-विषमाचा पडताळा घालण्याची चाल पडली, व इंग्रजी मजकुरास त्यानें कांहीं बाधा आली नाहीं. मराठीची गोष्ट वेगळी. कानपूरच्या आय-आय-टींत आरंभ झालेलें व पुण्याच्या सी-डॅकनें पुढें नेलेलें जिस्ट कार्ड देवनागरी पडद्यावर आणी; त्यामागील भारतीय संकेतावली १९९१ सालीं प्रमाण ठरली. तींत इंग्रजी अक्षरें आपल्या जागीं राहिलीं व भारतीय अक्षरें १२८ च्या वरच्या घरांत बसलीं. म्हणजे मराठीचें सारें अस्तित्व त्या आठव्या बिटावर!

कळ सातावर राहिली तर काय होईल? ‘स’चा क्रमांक २१५, त्यांतून १२८ गळले कीं ८७ उरतात, आणि ८७ म्हणजे इंग्रजी डब्ल्यू. याच हिशोबानें ‘सोनगीर’चें रूप मोठा डब्ल्यू, लहान ई, मोठा एफ, पांचाचा आंकडा, एक तिरपी रेघ व मोठा ओ असें होतें. एवढ्यावर भागलें असतें तर सर्वांत १२८ मिळवून मजकूर परत उभा करतां आला असता. पण ‘ग’चा १८१ गळून ५३ होतो, आणि इंग्रजी ५ या आंकड्याचा क्रमांकही ५३ च. मजकुरांत असे आंकडे मिसळले असले, तर एखाद्या हिशोबांत मुळांत ‘ग’ होता कीं पांच, हें मग कोणासच सांगतां येणार नाहीं.

१५ जुलै २०१३ पासून देशांतील तारसेवा बंद झाली. जुने संगणक मात्र हौशी लोक अजून जागे करतात व नव्या यंत्रांशीं जोडतात. आतांच्या युनिकोड पद्धतीच्या रूढ मांडणींत ‘सोनगीर’ला आठ-आठ बिटांचे १८ घांस लागतात, आरंभ व विराम धरून १८० संकेत, ९,६०० च्या वेगानें सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळाचें काम. या अठराही घांसांत आठवा बिट भरलेलाच असतो. जुन्या कार्डावरची ती कळ म्हणून आजही आठावरच हवी.